कागदात उरलेली विमानं

सतरा सप्टेंबरला हिंगोलीत सकाळीच झेंडावंदन होतं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोली तालुक्यानं मोकळा श्वास घेतला. मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांना ही तारीख पाठ असते.

पोलंडमधल्या पोरांनाही ती पाठ असते, पण तिथं ती दुःखाची तारीख आहे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली, तेव्हा पोलिश हवाई दलाच्या उरल्यासुरल्या विमानांना हुकूम गेला : रुमानियाची हद्द गाठा. वैमानिकांनी विमानं उडवली आणि परक्या देशाच्या धावपट्टीवर नेऊन उभी केली. त्यातलं जवळपास काहीच मायदेशी परतलं नाही.

आज ती विमानं बघायची म्हटलं तर बहुतेक वेळा कागदातच बघावी लागतात. जाड कागदावर छापलेले शेकडो तुकडे, कात्री, ब्लेड, गोंद आणि कित्येक रात्रींची बैठक यातून पोलंडमध्ये घरोघरी हे हवाई दल पुन्हा उभं राहिलं. या कलेचा इतिहास पोलंडचा असला, तरी त्याचे दोन धागे महाराष्ट्रात येतात. एक कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आणि दुसरा थेट हिंगोलीच्या जुन्या सरकारच्या खजिन्यात.

कागदातून सगळ्यात जास्त प्रेमानं घडवलं जाणारं विमान म्हणजे पीझेडएल पी.११सी. एका वैमानिकाचं, उघड्या बैठकीचं, संपूर्ण धातूचं लढाऊ विमान. त्याची ओळख पंखांवरून पटते. पंख विमानाच्या अंगातून निघतात ते तिरके वर चढतात आणि मग वळून आडवे होतात, समुद्रपक्ष्यानं झेप घेताना पंख मुडपावेत तसे. ही कल्पना झिग्मुंत पुवाव्स्की या अभियंत्याची. जन्म १९०१, गाव लुब्लिन. त्या काळी लढाऊ विमान म्हणजे एकावर एक असे दोन पंख, मध्ये तारांचं आणि टेकूंचं जाळं, आणि त्यातून वाकून बघणारा वैमानिक. पुवाव्स्कीनं एकच पंख ठेवला आणि तो अंगाजवळ बारीक करून असा वाकवला, की वैमानिकाची नजर पुढं आणि वर मोकळी राहावी. आकाशात ज्याला आधी दिसतं तो वाचतो, एवढा साधा हिशेब त्यामागं होता. या धाटणीचं पहिलं विमान, पी.१, १९२९ मध्ये उडालं आणि ‘पुवाव्स्कीचा पंख’ हे नाव युरोपभर झालं.

मार्च १९३१ मध्ये स्वतः आखलेलं एक पाण्यावर-जमिनीवर उतरणारं विमान उडवताना पुवाव्स्की वॉर्सात अपघातात गेला. तिशीही गाठलेली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचं पी.११ पहिल्यांदा हवेत गेलं. ते बघायला तो नव्हता.

काही वर्षं हे विमान जगात पहिल्या रांगेत होतं. त्याच्या आधीच्या पी.७ मुळे पोलंडचं लढाऊ दल १९३३ च्या सुमारास संपूर्ण धातूच्या, एकपंखी विमानांचं झालं. असं दल तेव्हा दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पण विमानांच्या दुनियेत पाच वर्षं म्हणजे एक पिढी. १९३९ उजाडेपर्यंत पी.११सी म्हातारं झालं होतं. त्याचा कमाल वेग ताशी ३७५ किलोमीटर. समोरचं जर्मन मेसरश्मिट ताशी साडेपाचशेच्या पुढं जाणारं. बॉम्ब टाकायला आलेली जर्मन विमानंसुद्धा याच्या हातून पळून जाऊ शकत. त्यात मन विषण्ण करणारी गोष्ट अशी, की याच विमानाची सुधारलेली आवृत्ती, पी.२४, पोलंडनं तुर्कस्तान, ग्रीस, रुमानिया, बल्गेरिया यांना विकली होती. स्वतःच्या दलासाठी मात्र नव्या विमानाची वाट बघत जुनंच ठेवलं. ते नवं विमान आलंच नाही.

तरीही १ सप्टेंबरच्या पहाटे हीच विमानं लढायला उठली. क्राकोवजवळच्या बालित्से तळावरून दोघे एकापाठोपाठ उडाले : कॅप्टन मिएचिस्वाव मेदवेत्स्की आणि त्याचा जोडीदार व्वादिस्वाव ग्निश. तळाशेजारीच जर्मन विमानांनी गाठलं आणि मेदवेत्स्की पडला. ग्निश निसटला. थोड्याच वेळात झुरादा नावाच्या खेड्यावर त्याला परतीच्या वाटेवरची दोन डॉर्नियर विमानं सापडली. दोन्ही त्याच खेड्यात कोसळली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या बाजूनं हवेत मिळालेला हा पहिला विजय मानला जातो. त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत वॉर्साच्या आभाळात पी.११ आणि पी.७ अशी पन्नासहून थोडी अधिक विमानं शहराचं रक्षण करत होती. आकडा वाचला की पोटात कालवतं, कारण समोरून शेकड्यांनी विमानं येत होती.

पी.११ सोबत आणखी दोन नावं पोलिश माणूस हळव्या आवाजात घेतो. कराश आणि वोश. पहिलं एका तळ्यातल्या माशाचं नाव, दुसरं एल्क या मोठ्या हरणाचं. कराश हे टेहळणीचं आणि हलकं बॉम्बफेकी विमान. २ सप्टेंबरला त्यातल्या एका तुकडीनं जर्मन हद्दीत जाऊन बॉम्ब टाकले. वोश हे येर्झी दोम्ब्रोव्स्कीनं आखलेलं दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९३८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं भल्याभल्यांना थांबायला लावलं. अडीच टनांवर बॉम्ब नेणारं, सडपातळ, देखणं. युद्ध सुरू झालं तेव्हा लढाऊ तुकड्यांत अशी फक्त ३६ विमानं तयार होती.

आज अख्खं कराश जगात कुठंच नाही. अख्खं वोश कुठंच नाही. पी.११सी एक आहे, एकच. ८.६३ हा त्याचा क्रमांक. जर्मनांनी ते लुटीचा माल म्हणून बर्लिनच्या विमान संग्रहालयात ठेवलं. बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा संग्रहातली काही विमानं पूर्वेकडे, पोलंडमधल्या चार्नकुफ गावाकडे हलवली गेली आणि युद्धानंतर ती तिथं सापडली. लुटणाऱ्यानंच लपवून ठेवल्यामुळे ते वाचलं. सध्या ते क्राकोवच्या जुन्या विमानतळावर उभ्या असलेल्या पोलिश विमान संग्रहालयात आहे.

१७ सप्टेंबरनंतर माणसांचं काय झालं, हे सांगताना कोल्हापूर येतं. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४० पासून कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात धाडली गेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, रशियाचा पोलंडशी करार झाला, कैदी सुटले. पुरुष सैन्यात भरती झाले आणि बायका-मुलं इराणमार्गे जिथं आसरा मिळेल तिथं गेली. काठेवाडात जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी मुलांना ठेवून घेतलं. मोठी छावणी मात्र करवीर संस्थानात झाली, पंचगंगेच्या परिसरात, वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यात बहुतांश बायका आणि लेकरं. बराकींच्या रांगा, चर्च, शाळा, नाटकाचा रंगमंच, स्काउटच्या तुकड्या. कोल्हापुरी बाजारात मोडक्यातोडक्या मराठीत घासाघीस करणाऱ्या पोलिश आया. ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

वळिवड्याची गोष्ट मराठी माणसाला थोडीफार ठाऊक असते. वैमानिकांची ठाऊक नसते, आणि ती मराठवाड्याला जास्त जवळची आहे.

रुमानियात विमानं सोडून दिलेले पोलिश वैमानिक फ्रान्समार्गे इंग्लंडला पोचले. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत १४५ पोलिश वैमानिक लढले. काही त्यांच्या स्वतःच्या ३०२ आणि ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, तर बाकीचे ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये विखुरलेले. ब्रिटिश हवाई दलातल्या तीन स्क्वाड्रनच्या नावात हैदराबाद होतं : ११०, १५२ आणि २५३. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खाननं ११० स्क्वाड्रनची विमानं भेट दिली. दुसऱ्यात स्पिटफायर आणि हरिकेन लढाऊ विमानांसाठी पैसा दिला. १५२ च्या बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण होतं आणि खाली ‘विश्वासू मित्र’ या अर्थाचं ब्रीद, जी इंग्रजांनीच निजामाला दिलेली पदवी.

नाव निजामाचं लागलं, पण खजिना काही आभाळातून भरत नव्हता. औंढा, बसमत, कळमनुरी, सेनगावच्या काळ्या रानातला कापूस आणि ज्वारी, त्यावरचा सारा, हे सगळं हैदराबादच्या तिजोरीत जात होतं. विमानांवर त्या शेतकऱ्यांचं नाव कुणी लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं, असं आज वाटतं. कारण १९४० च्या शरदात त्या हैदराबादी विमानांत पोलिश पोरं बसली होती. २५३ मध्ये सामोलिन्स्की. तो सप्टेंबरमध्ये पडला. १५२ मध्ये श्लागोव्स्की आणि क्लाइन. क्लाइन नोव्हेंबरमध्ये गेला. देश हरवलेले वैमानिक, आणि त्यांच्या विमानांमागं अशा मुलखाचा पैसा, ज्याला स्वतःला आठ वर्षांनी मुक्त व्हायचं होतं.

युद्ध संपलं. पोलंड पुन्हा नकाशावर आलं, पण सोव्हिएत छायेत. शहरं उद्ध्वस्त, दुकानं रिकामी. बाहेरच्या देशात मुलांच्या हाती प्लास्टिकची विमानं येऊ लागली होती. पोलंडमध्ये ती दुर्मीळ. कागद आणि छापखाना मात्र होता. १९५७ मध्ये ‘मावी मोदेलाश’ हे मासिक निघालं. नावाचा अर्थ, छोटा मॉडेलकार. काढणारी संस्था सैन्याच्या मित्रमंडळासारखी सरकारी संघटना. अंक म्हणजे पातळ पुस्तिका : मधल्या पानांवर रंगीत छापलेले तुकडे, बाजूला आकृत्या, थोडा इतिहास. किंमत मुलांच्या खिशाला परवडणारी. अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर मिळे. टपरीवरून अंक घ्यायचा, घरी जाऊन कात्री काढायची.

कागदातून कापून वस्तू उभी करण्याची रीत युरोपात जुनीच होती. फ्रान्समधल्या एपिनालच्या छापखान्यांतून कापायची चित्रं एकोणिसाव्या शतकातच घरोघर पोचली होती. पण पोलंडइतकी ती दुसरीकडे मुरली नाही. गरज होती हे एक कारण. दुसरं कारण लिखित नाही, पण चटकन समजतं : ज्या देशाचं अख्खं हवाई दल दोन-अडीच आठवड्यांत हातचं गेलं, त्या देशातल्या बापांना ते मुलांच्या टेबलावर उभं राहिलेलं बघायचं होतं. १९९० नंतर छोट्या छापखान्यांनी आणि खासगी प्रकाशकांनी या कलेला फार वरच्या दर्जावर नेलं. आज एका विमानाच्या संचात हजारांवर तुकडे असू शकतात. विमानांसाठी १:३३ हे प्रमाण ठरून गेलं आहे, रणगाड्यांसाठी १:२५, जहाजांसाठी १:२००. या हिशेबानं पी.११सी चे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेबत्तीस सेंटीमीटर भरतात. शाळेच्या फूटपट्टीपेक्षा दोन बोटं जास्त. लांबी तेवीस सेंटीमीटर. वोश मोठं, चोपन्न सेंटीमीटरचं; ते ठेवायला कपाटाचा अख्खा कप्पा लागतो.

मराठी घराला या कामाची ओळख नाही असं मुळीच नाही. लग्नाच्या रुखवतात पुठ्ठ्याचं देऊळ, बैलगाडी, तुळशीवृंदावन हौसेनं मांडलं जातं. दिवाळीला कामट्यांना खळ लावून कंदील चढवला जातो. मोहरमला मराठवाड्यातल्या गावांतून कागद आणि कामट्यांचे ताबूत निघतात. तेही शेवटी एका दूरच्या इमारतीचं कागदी रूपच. जे गेलं किंवा जे लांब आहे, ते कागदातून जवळ आणायची खोड इथंही आहे.

पी.११ बांधायचं तर सामान हिंगोलीच्या बाजारात मिळतं. जाड कार्डशीटवर रंगीत छपाई, आतल्या सांगाड्यासाठी वहीच्या किंवा कॅलेंडरच्या मागचा एक मिलिमीटरचा पुठ्ठा, फेविकॉल, धारदार ब्लेड, लोखंडी पट्टी. आणि संपलेली रिफिल. ही रिफिल सगळ्यात मोलाची. घडी जिथं पडायची तिथं आधी पट्टी धरून तिनं ओळ ओढायची. कागद न फाटता तिथंच नेमका मोडतो. आधी पुठ्ठ्याचे गोल आणि अंडाकृती छेद कापून ते एका दांडीवर ठरावीक अंतरानं चिकटवायचे, माशाच्या काट्यासारखे. त्यावर विमानाचं ‘कातडं’ चढवायचं. पण चढवण्यापूर्वी ते तळहातावर पेननं घोळून गोल करून घ्यायचं, नाहीतर कागद रुसतो आणि अंगावर कोपरे पडतात. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात. त्यांना चिकटवण्याआधीच जलरंगाचा हात द्यावा लागतो. नवशिके हे विसरतात आणि मग सगळ्या विमानावर पांढऱ्या भेगा चमकतात.

पंखापाशी आलं की बोटं पुवाव्स्कीशी बोलायला लागतात. पी.११च्या पंखाचं कातडं गुळगुळीत नव्हतं; बारीक पन्हाळी पडलेला दुरल्युमिनचा पत्रा होता. तो पन्हाळीपणा आणायचा तर पंखाच्या कागदावर मागून रिफिलनं शेकडो समांतर रेघा ओढाव्या लागतात, प्रत्येक सारख्या दाबानं. दोन पंखांना दोन संध्याकाळी. मग पंख मुडपायची पाळी. अंगाजवळ तो बारीक आहे, टेकू जिथं मिळतात तिथं सगळ्यात जाड, आणि टोकाकडे पुन्हा बारीक. कोरडं जुळवून बघताना वैमानिकाच्या बैठकीच्या भोकाजवळ डोळा नेला, की समोरचं आणि वरचं सगळं मोकळं दिसतं. ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते, पण बांधताना पटते. नऊ सिलिंडरच्या इंजिनासाठी कागदाच्या नऊ नळ्या गुंडाळायच्या आणि वर शिवणाचा दोरा दाट लपेटायचा, की हवेनं थंड होण्यासाठी असलेले काप दिसू लागतात. वेड म्हणावं असंच काम आहे, आणि त्यातच त्याचं सुख आहे.

रंगावरून पोलंडमध्ये अजून वाद चालतात. वरच्या बाजूची ‘पोलिश खाकी’ नेमकी हिरवट होती की तपकिरी, यावर जाणती माणसं तासन्‌तास बोलतात. जुने फोटो काळेपांढरे, खरे पत्र्याचे तुकडे ऊन-पावसानं बदललेले. खालची बाजू फिकट निळी. आणि मग ती लाल-पांढऱ्या चौकटींची निशाणी. ही मूळची एका वैमानिकाची, स्तेफान स्तेत्सची, खासगी खूण. डिसेंबर १९१८ मध्ये ती साऱ्या हवाई दलानं घेतली. तिच्यात एक फसगत आहे. १९९३ मध्ये चौकटींचा क्रम उलटा झाला आणि डावीकडचा वरचा कोपरा पांढरा आला. युद्धापूर्वीच्या विमानावर तो कोपरा लालच हवा. घाईत चिकटवलेली एक निशाणी अख्ख्या विमानाचा काळ चुकवते, म्हणून जाणकार माणूस मॉडेल बघताना आधी तो कोपरा बघतो.

१:३३ या प्रमाणात स्पिटफायरही बांधता येतं. पंख चौतीस सेंटीमीटर, पी.११पेक्षा दीड सेंटीमीटर जास्त. त्याच्या अंगावर ‘यूएम’ ही अक्षरं लावली की ते १५२ हैदराबाद स्क्वाड्रनचं होतं, क्लाइन ज्या तुकडीतून उडाला तिचं. दोन्ही विमानं एका फळीवर ठेवायला अडीच फूटसुद्धा जागा लागत नाही. एकाच्या पंखावर लाल कोपऱ्याच्या चौकटी, दुसऱ्यावर ब्रिटिश वर्तुळं, आणि त्या वर्तुळांमागं परभणी जिल्ह्याच्या कापसाचा पैसा.